पहिला ट्रॅक डे : हेल्मेट, हार्नेस, डेटा लॉगर की कोच? लाखभर बजेट आहे, मत द्या

जळगावची_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. मी जळगावचा, २०१७ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, मॅन्युअल, सगळं कंपनी फिटेड. दोन वर्षं झाली डोक्यात ट्रॅकचं खूळ बसलंय. याआधीची माझी "रेसिंग" म्हणजे पहाटे चारला कन्नडचा घाट, पण एका वळणावर कापसाचा ट्रक अख्खा माझ्या बाजूला आलेला बघितला आणि त्या दिवसापासून ते धंदे बंद. बायकोला पण तसं कबूल केलंय. आता जे काय चालवायचं ते ट्रॅकवर, म्हणून या हिवाळ्यात चेन्नईच्या ट्रॅकवर एक ट्रॅक डे करायचा बेत आहे, रेस नाही, नुसतं चालवायचं.

बजेट लाखभर. सध्या ऑनलाइन बास्केटमध्ये चार पॉइंटचा हार्नेस (दोन्ही खांदे आणि कंबर बांधणारा रेसिंगचा पट्टा), धडकेत मान धरणारं हान्स, लाल रंगाचा रेसिंग सूट (हसू नका) आणि गाडीचा वेग आणि जागा नोंदवणारा १० हर्ट्झचा (सेकंदाला दहा नोंदी) जीपीएस लॉगर एवढं पडलंय. हेल्मेट बाइकचं आहे, फुल फेस, आयएसआय, ते चालेल ना? कोचिंगचं म्हणाल तर मित्र म्हणतो यूट्यूबवर सगळं फुकट आहे, कोचला पैसे कशाला. आपल्याकडे जवळ विचारायला कोणी नाही, इथं गाडीचा नाद म्हणजे मोठा सायलेन्सर आणि काळ्या काचा. तर सांगा, आधी काय घेऊ आणि काय नको.

धुळेकर_भो
भाऊ, पहिले ब्रेक देखजो, मंग बठ्ठं.
ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ डिग्रीला उकळतं, पण पाणी शिरलं की तेच १४० पर्यंत खाली येतं. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. ट्रॅकवर चार-पाच लॅपमध्ये (फेऱ्यांमध्ये) ब्रेकची डिस्क एवढी तापते की जुनं ऑइल उकळून वाफ होते आणि पॅडल थेट फरशीला लागतं. माझं लागलंय, सरळ मातीत गेलो, पुढं भिंत नव्हती म्हणून आज टाइप करतोय. ताजं डॉट ४ किंवा ५.१ टाक. डॉट ५ मात्र टाकू नको, ते सिलिकॉनचं असतं, एका आकड्याच्या फरकात लोक फसतात. पॅड अर्ध्याच्या खाली असतील तर ते पण बदल. लाल सूट राहू दे सध्या.

तापीकाठ
मूळ शहाद्याचा, आता पुण्यात. काही वर्षं क्लब इव्हेंटला गाड्या तपासायला उभा राहायचो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

बाइकचं हेल्मेट वाईट नसतं पण ते वेगळ्या कामाचं आहे. बाइकवाला रस्त्यावर पडतो, घसरत जातो. गाडीत तू बांधलेला असतोस आणि डोकं त्याच त्याच पिलरवर किंवा पाइपवर परत परत आपटू शकतं, वर आगीची भीती. म्हणून हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचे दोन वेगळे शिक्के असतात, एम म्हणजे मोटारसायकल आणि एसए म्हणजे गाडीच्या रेसिंगचं. एसए मध्ये आगीची चाचणी असते आणि रोल केजच्या (रेसच्या गाडीत आतून बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याच्या) पाइपसारख्या वस्तूवर आपटायची चाचणी असते, एम मध्ये या दोन्ही नसतात. मानक साधारण पाच-पाच वर्षांनी बदलतं, एसए २०१०, एसए २०१५, एसए २०२० असं, त्यामुळे जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नको, आयोजक ठराविक सालाच्या आधीचं घेत नाहीत. आधी फोन करून विचार. काही ट्रॅक डेला एम चालतं, पण पैसे घालणारच आहेस तर एसए घे. आणि ती एसए २०१५ पासूनची हेल्मेट हान्सच्या पट्ट्यांसाठी पेच बसवायच्या जागेसहच येतात, पुढं कामाला येईल.

हा स्नेल म्हणजे कंपनीवाला वगैरे कोणी नव्हता. पीट स्नेल, तुझ्या-माझ्यासारखाच हौशी रेसर, १९५६ मध्ये रेसमध्ये गाडी उलटली, डोक्यावर हेल्मेट होतं पण त्याने वाचवलं नाही. मित्रमंडळींनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने संस्था काढून हेल्मेट फोडून बघायला सुरुवात केली.

स्टिकर बघून घेऊ नको. मी एकदा मुंबईत एका दुकानातून "स्नेल" म्हणून घेतलं, घरी येऊन आतलं अस्तर उचललं तर शिक्का नाही, अनुक्रमांक नाही, काही नाही, बाहेर मात्र चकचकीत स्टिकर. दुकानदार परत घेईना. खरं लेबल आत, अस्तराखाली असतं, तिथं बघ. डोक्याचं माप भुवयांच्या वरून टेपने घे, आणि घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. अर्धा तास घालून घरात बस. चष्मा असेल तर चष्म्यासकट बस. आणि मे महिन्यात डिकीत ठेवून विसरू नको, जळगावचं ४५ डिग्री बाहेर असतं, बंद डिकीतलं विचारूच नको.

आता हार्नेस. इथं मी कडक बोलणार. चार पॉइंटचा हार्नेस कंपनीच्या सीटवर लावणं हे कंपनीच्या बेल्टपेक्षा वाईट ठरू शकतं. दोन पायांमधली पट्टी नसते म्हणून धडकेत खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात, तो हाडावरून पोटावर येतो आणि माणूस खालून घसरतो. खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला खाली जमिनीकडे बांधतात लोक, धडक बसली की तेच पट्टे मणका खाली दाबतात. पट्टे खांद्याच्या उंचीवरून किंवा किंचित खालून मागे गेले पाहिजेत, म्हणजे आडवा बार हवा. बार आला की पट्टे जायला भोकं असलेली, अंगाला धरून ठेवणारी खोलगट बकेट सीट हवी. हार्नेसने सरळ ताठ बांधला गेलास की गाडी उलटल्यावर छप्पर खाली आलं तरी तुला वाकता येणार नाही, म्हणजे छप्पर तोलून धरणारा लोखंडी पाइप, रोल बार हवा. रोल बार बसला की रस्त्यावर बिनहेल्मेटचं डोकं त्याच पाइपला आपटणार. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत असले बदल आरटीओला चालत नाहीत. साधूच्या लंगोटीची गोष्ट आहे ही, उंदरासाठी मांजर, मांजरासाठी गाय.

कंपनीचा तीन पॉइंटचा बेल्ट, एअरबॅग, सीट हे सगळं एकमेकांच्या हिशोबाने बनवलेलं असतं. पहिल्या दोन-तीन वर्षांना तेच ठेव. आणि हान्स त्याच्यावर चालत नाही, ते दोन्ही खांद्यांवर हार्नेसच्या पट्ट्यांखाली दाबून बसतं तेव्हाच मान धरतं. वस्तू मात्र सोन्यासारखी आहे. रॉबर्ट हबर्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने मेहुण्यासाठी, जिम डाउनिंगसाठी डोकं लावून बनवली, मेहुणा रेसर होता. वीसेक वर्षं कोणी फार विचारलं नाही, मग २००१ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या रेसमध्ये नावाजलेला रेसर डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला आणि सगळे जागे झाले, फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचं. पण तुझ्या गाडीत आत्ता नको.

सूटचं म्हणशील तर नोमेक्सचा (आगीला टिकणाऱ्या कापडाचा) चांगला, एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या ८८५६ मानकाचा, रेसला लागतोच. ट्रॅक डेला सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट. पॉलिस्टरचा तो चकचकीत टी-शर्ट नको, आगीत वितळून अंगाला चिकटतो. कापसाच्या मुलखातला माणूस आणि पॉलिस्टर घालून जळायचं, बरं दिसत नाही. पातळ तळव्याचे बूट असू दे, पॅडल पायाला कळतं.

जळगावची_स्विफ्ट
बाप रे. बरं झालं विचारलं, हार्नेस बास्केटमधून काढला. पण दादा वळणावर मी सीटमध्ये इकडून तिकडे घसरतो, स्टिअरिंगलाच लटकतो, त्याचं काय करू?

तापीकाठ
सीट एक-दोन खाच मागे घे, बेल्ट लाव, खांद्याचा पट्टा झटका देऊन लॉक कर आणि लॉक असतानाच सीट पुढे आण. बेल्ट आवळून बसतो. प्रत्येक गाडीत जमत नाही, घराखाली करून बघ. डावा पाय डेड पेडलला (क्लचच्या डावीकडे पाय टेकायची जागा) रोवून धर, अर्धं घसरणं तिथंच थांबतं. आणि हो, फ्लोअर मॅट, जॅक, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचे गणपती, सगळं गाडीबाहेर. फायर एक्स्टिंग्विशर ठेवणार असशील तर लोखंडी ब्रॅकेटमध्ये बोल्टने, सीटखाली लोळणारा सिलिंडर म्हणजे तोफगोळा.

यावल_रोड_इलेक्ट्रॉनिक्स
डेटाचं मी सांगतो, माझा आवडता विषय. भुसावळला असतो.

फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो, म्हणजे १ हर्ट्झ. १२० च्या वेगाला गाडी सेकंदात ३३ मीटर जाते. म्हणजे तू ब्रेक कुठं मारला हे फोनला ३३ मीटरच्या अंदाजाने कळणार, त्यात अख्खं वळण बसतं. १० हर्ट्झला तेच ३.३ मीटर, २५ हर्ट्झला दीड मीटरच्या आत. म्हणून फोनमध्ये रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमर हे अ‍ॅप टाक आणि त्याला ब्लूटूथने एक बाहेरचा जीपीएस रिसीव्हर जोड, रेसबॉक्स मिनी २५ हर्ट्झचा आहे. हौशी माणसाला एवढं पुष्कळ झालं. एआयएमचं सोलो, गार्मिनचं कॅटलिस्ट ही चांगली पण महाग यंत्रं, कॅटलिस्ट तर चालवता चालवता कानात सांगतं की इथं अजून वेळ निघतो. गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लागणारा स्वस्तातला ओबीडी डोंगल घेऊन थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) वगैरे बघायला जाशील तर तो फार हळू बोलतो, दोष तुझा की त्याचा तेच कळत नाही.

आकड्यांच्या ढिगात पडू नको. एकच आलेख बघ, आडवं अंतर आणि उभा वेग, आणि त्यावर तुझाच सगळ्यात फास्ट लॅप आणि एक मध्यम लॅप एकावर एक ठेव. माझ्या पहिल्या आलेखात प्रत्येक वळणाआधी वेगाची रेघ डोंगर उतरल्यासारखी हळूहळू खाली यायची, मग काही वेळ सपाट, मग वर. ते सपाट म्हणजे मी ना ब्रेकवर ना थ्रॉटलवर, नुसता घाबरून बसलेला. मला वाटायचं मी लय उशिरा ब्रेक मारतो! ब्रेक जरा जोरात आणि कमी वेळ मारायला लागलो तेव्हा ती सपाटी गेली. लॅप टाइम बघून हे कधीच दिसलं नसतं. आणि स्क्रीन चालवताना बघायचीच नाही, डेटा पिटमध्ये (ट्रॅकबाहेर गाडी उभी करायच्या जागी) बघायचा. फोन उन्हात तापून बंद पडतो, एसीच्या जाळीसमोर लाव, आणि काचेला चिकटणाऱ्या रबरी होल्डरच्या जोडीला दोरी बांध.

माझं मत, लॉगर आधी घे, कोच नंतर. काय बोलायचं तेच माहीत नसेल तर कोचचा दिवस वाया जातो.

अमळनेरची_लेक
वरच्या दादांशी अजिबात सहमत नाही. मी कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवेवर शिकले, फॉर्म्युला गाडीत. नवजीवन एक्स्प्रेसने अमळनेरहून चेन्नई आणि तिथून पुढे, ना टोल, ना ब्रेक पॅडची चिंता. आई स्टेशनवर कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून देताना विचारते, "कोर्स कशाचा गं?" मी सांगितलं, गाडीचा. ड्रायव्हिंग क्लास समजली ती. असो.

लॉगर सांगतो वेळ कुठं गेला. का गेला ते सांगत नाही. माझ्या इन्स्ट्रक्टरने पहिल्या सत्रानंतर एकच विचारलं, तू बघत कुठं होतीस? मी बॉनेटपुढच्या दहा मीटरकडे बघत होते. ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्या चुका तिथून येत होत्या. पुढच्या सत्रात फक्त नजर, दुसरं काही नाही. हे कुठल्याही आलेखात नाही लिहून येत. यूट्यूबचं तर सोडाच, तो माणूस तुझ्या गाडीत बसलेला नसतो.

जळगावकर भाऊ, कोच निवडताना तो किती फास्ट आहे ते विचारू नकोस, तो शिकवतो कसं ते विचार. एका सत्रात एकच गोष्ट सांगतो का, गाडीत बसतो का पुढच्या गाडीतून रेषा दाखवतो, नंतर दहा मिनिटं बसून बोलतो का. मला पहिल्यांदा एक "मोठा रेसर" मिळाला होता, त्याने तीन लॅप स्वतः चालवून दाखवले, मी ओकायची बाकी होते, आणि शिकले शून्य. बाजूला कोणी बसणार असेल तर त्याच्याही डोक्याला तेवढंच चांगलं हेल्मेट आणि तसाच बेल्ट पाहिजे, हा साधा नियम आहे.

आणि तुझी स्वतःची स्विफ्ट बाराशेहून जास्त किलोमीटर नेऊन ट्रॅकवर झिजवून परत त्याच टायरवर घरी यायचं हे मला पटत नाही. विमा पण बघून ठेव, नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, ट्रॅकवर ठोकलीस तर खिशातून. आधी शाळेच्या गाडीत दोन दिवस शिक. आवडलं तर रेसचं बघ, त्याला एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संस्थेचं लायसन्स लागतं.

यावल_रोड_इलेक्ट्रॉनिक्स
ताई, नजरेचा मुद्दा मान्य. पण घरी आल्यावर सहा महिने कोच नसतो, तेव्हा आलेखच असतो. बरं, दोन्ही एकाच दिवशी कर भाऊ, लॉगर चालू ठेव आणि कोचला सोबत बसवून दाखव. माझं आधी-नंतर मागे घेतलं.

धुळेकर_भो
इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा नॅट्रॅक्स ट्रॅक आहे, धुळ्याहून बिजासन घाट ओलांडला की आलंच, असं कोणी म्हणेल तर जाऊ नको, ती कंपन्यांच्या टेस्टिंगची जागा आहे. मी गेटवरून परत आलोय. येताना सेंधव्याला चहा घेतला एवढंच.

ट्रॅकवर सत्र संपलं की शेवटचा लॅप हळू मार, ब्रेक थंड होऊ दे, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नको, गिअरमध्ये ठेव. टायरची हवा गरम असताना मोज. पाणी पीत राहा, लिंबू-मीठ-साखर सोबत ठेव.

जळगावची_स्विफ्ट
सगळ्यांना धन्यवाद. ठरलं असं, एसए २०२० हेल्मेट, एक रिसीव्हर, आणि उरलेले सगळे कोर्सला. गाडी घरीच, नवजीवनचं रिझर्व्हेशन बघतोय. सूट काढला, पण लाल ग्लोव्हज ठेवलेत, तेवढं राहू द्या.

धुळेकर भाऊ, तुमचं ऐकून आज सकाळी मेकॅनिककडे ब्रेक ऑइल काढायला लावलं. २०१७ पासून एकदाही बदललेलं नव्हतं. बाटलीत पडलं तेव्हा शेवभाजीच्या काळ्या रश्श्यासारखं दिसत होतं, आणि याच्यावर मी कन्नडचा घाट उतरत होतो.