वाइन टेस्टिंगला घोट गिळायचा की थुंकायचा?

ठाणेकर_७८:
परवा आम्ही सहा जण नाशिकला गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत टेस्टिंगला गेलेलो, चौघं पहिल्यांदाच. टेबलावर पिकदाणीसारखं स्टीलचं भांडं होतं, ते कशाला कुणी सांगितलं नाही. मी पहिला घोट तोंडात फिरवून त्यात थुंकला तर मेहुणा म्हणे अरे चारचौघांत काय हे, पैसे भरलेत ना. माझं म्हणणं, टेस्टिंग म्हणजे चाखणं. सहा वाइन प्रत्येकी ३० एमएल धरल्या तरी १८० होतात, तेही तासाभरात, अर्ध्या उपाशी पोटी, आणि मग गाडी घेऊन कसारा घाट उतरायचा. नवख्यांना हे आधीच सांगायला हवं.

बागवाला_दिंडोरी:
नाही पटलं. आमची शिराझची, म्हणजे रेड वाइनच्या काळ्या द्राक्षाची बाग आहे. फळासाठीच्या गोडी छाटणीपासून डावणी-भुरी या बुरशी रोगांच्या मागे फवारे घेऊन पळतो, जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे बॅटरी लावून हाताने तोडणी, ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचले पाहिजेत. एका बाटलीला किलोच्या वर द्राक्ष जातं. ते तोंडात घेऊन थुंकायचं? आमच्या घरी ताटात टाकलेलं चालत नाही. नको तर दोनच वाइन घ्या ना.

माधुरी_नाशिक:
दादा, तुमच्या कष्टाचा मान ठेवूनच सांगते, मी ३ वर्षं टेस्टिंग रूमला होते. वाइन बनवणारे स्वतः एका बैठकीत ढिगाने नमुने चाखतात आणि थुंकतातच, नाहीतर पुढच्याची चव कळणार कशी. चूळ भरतो तशी तोंडभर फिरवायची, हिरड्यांपर्यंत. रेडचा तुरटपणा तिथेच लागतो, कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ कशी ओढली जाते अगदी तसा, त्याला गिळावं लागत नाही. मला खरा राग यायचा तो अंगभर सेंट मारून येणाऱ्यांचा. शिराझमधला काळ्या मिरीचा वास त्यांना तर येत नाहीच, शेजारच्या टेबलालाही येत नाही. आणि ग्लास दांडीला धरा हो, थंड व्हाइट वाइन तळहातात धरून कोमट करतात लोक.

कोथरूडची_सून:
सेंटचं शंभर टक्के बरोबर. पण थुंकायची सक्ती नको. सासूबाईंना घेऊन गेले होते, वय ६८, त्यांना थुंका म्हटलं असतं तर त्या उठूनच गेल्या असत्या. त्यांनी शेनिन ब्लांक या व्हाइट वाइनचा एकच घोट घेतला, म्हणाल्या पिकल्या पेरूचा वास येतोय, आणि उरलेली त्या भांड्यात ओतली. कुणालाच अवघडल्यासारखं झालं नाही. शिवाय गिळल्यावर घशात जी चव रेंगाळते ती थुंकून कशी कळणार? आम्ही ड्रायव्हर घेऊन गेलेलो.

बागवाला_दिंडोरी:
ग्लासातली ओतली तर चालेल ताई, ती उष्टी करून टाकलेली नाही.

ठाणेकर_७८:
सगळ्यांना ड्रायव्हर परवडत नाही पण. आमच्यात गाडी मीच चालवत होतो, मी काय करायचं?

बागवाला_दिंडोरी:
फक्त वास घ्यायचा. थुंकली तरी थोडी पोटात जातेच. ग्लास फिरवा, नाक घाला, बाटली विकत घ्या आणि घरी जाऊन बायकोबरोबर जेवताना उघडा.

माधुरी_नाशिक:
हे मात्र मान्य, चालवणाऱ्याने थुंकूनसुद्धा नको.