शहरमध्यातला अठरा मीटरचा रस्ता: कापायचं कोणाचं?

तिरपा चौक (धागाकर्ता)

रस्त्यांवर चर्चा निघाली की दहाव्या प्रतिसादापर्यंत गाडी "लोकांची मानसिकता" या स्थानकावर येऊन थांबते. या धाग्यात मानसिकतेला सुट्टी देऊ. मीटरमध्ये बोलू.

शहराच्या जुन्या मध्यभागातला, भिंतीपासून भिंतीपर्यंत १८ मीटर रुंद, एकेरी वाहतुकीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. आजची वाटणी समजा अशी आहे: दोन्ही कडांना १.८ मीटरचे फुटपाथ, त्यांना लागून २.२ मीटरच्या पार्किंगच्या दोन रांगा, आणि मध्ये तीन लेन मिळून १० मीटर. म्हणजे १८ पैकी १४.४ मीटर गाड्यांचे. त्यातले ४.४ मीटर तर जागच्या न हलणाऱ्या गाड्यांचे! सायकलवाल्याच्या वाट्याला काय? उघडणारी दारं.

माझी वाटणी: फुटपाथ तीन-तीन मीटर, सायकल मार्ग दोन-दोन मीटर, गाड्यांना तीन मीटरच्या दोन लेन, आणि उरलेले दोन मीटर एकाच बाजूला माल उतरवायला आणि अपंगांच्या गाड्यांना. वेग ताशी ३०.

हा ३० चा आकडा हौसेचा नाही. ताशी ५० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. समोर कोणी आलं हे कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. ३० ची गाडी त्या सेकंदात सव्वाआठ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाचेक मीटरांत उभी राहते. ज्या जागी ती थांबली, त्या जागी ५० वाल्याचा पाय नुकता ब्रेकवर पोहोचतोय. पोर वाचणं आणि न वाचणं यातला फरक इतकाच आहे.

तेव्हा पहिली कुऱ्हाड पार्किंगवर. बोला.

गल्ल्यावर बसलेला

ज्याचं जळतं त्याला कळतं. माझं दुकान अशाच रस्त्यावर आहे. समोरची पार्किंगची जागा गेली की गिऱ्हाईक बाहेरच्या मोठ्या मॉलमध्ये जातं, कारण तिथे गाडी दारात लागते. तुम्ही कागदावर दोन मीटर इकडचे तिकडे करता, आम्ही महिनाअखेरीला भाडं भरतो.

आणि हा प्रयोग नवा आहे असं कोणी समजू नये. अमेरिकेत १९५९ साली कॅलमझू शहराने मुख्य रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद केला. त्याचं बघून सुमारे दोनशे शहरांनी तेच केलं. बहुतेकांनी पुढे गाड्या परत आणल्या, खुद्द कॅलमझूने १९९८ मध्ये. शिकागोने स्टेट स्ट्रीट १९७९ मध्ये फक्त बस आणि पादचाऱ्यांसाठी ठेवली, १९९६ मध्ये पुन्हा उघडली. मधल्या काळात ज्यांची दुकानं बसली, त्यांना कोणी विचारलं?

निवांत पादचारी

गल्ल्यावर, उदाहरणं बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ अर्धाच. त्या शहरांच्या मध्यभागी राहायला माणसंच उरली नव्हती, सगळी उपनगरात गेली होती. ज्या रस्त्यावर चालत येणारं कोणी नाही तो चालणाऱ्यांना दिलात तर ओसच पडणार. कोपनहेगनने १९६२ मध्ये स्ट्रॉयेट हा रस्ता पादचाऱ्यांना दिला, तेव्हा तिथले दुकानदारही तुमच्यासारखेच चिडले होते. तो रस्ता अजून चालतोय, कारण आजूबाजूला वस्ती आहे आणि बस-रेल्वेने यायची सोय आहे.

दुसरं, दुकानदाराला आपलं गिऱ्हाईक कसं येतं याचा अंदाज असतो, मोजणी नसते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये दुकानदारांना विचारलं आणि मग गिऱ्हाइकांनाही विचारलं. गाडीने येणाऱ्यांचं प्रमाण दुकानदारांनी जवळपास दुप्पट सांगितलं होतं. गाडीवाला पार्किंगवरून कटकट करतो म्हणून लक्षात राहतो. चालत आलेला खरेदी करून निघून जातो.

गल्ल्यावर बसलेला

गाडीवाला एका खेपेत जेवढं नेतो तेवढं चालणारा चार खेपांत नेतो.

निवांत पादचारी

पण तो चार खेपा येतो ना!

बेरीजवजाबाकी

धागाकर्त्याची बेरीज तपासली. ६ + ४ + ६ + २ = १८. गणित बरोबर, रस्ता चूक. सायकल मार्ग आणि उभ्या गाड्या यांच्यामध्ये अंतर कुठाय? दार उघडलं की किमान ८० सेंटिमीटर बाहेर येतं, आणि तुम्ही सायकलला नेमकं त्या दारात घातलंय. वर लेन तीन मीटरच्या. बस आरशांसकट तीन मीटरच्या आसपास जाते. दोन बस शेजारी आल्या की आरशाला आरसा.

तिरपा चौक

मान्य, तिथे फसलो. मग एकाच बाजूला दुहेरी सायकल मार्ग केला तर? तीन मीटर मार्ग, एक मीटर विभाजक. चार मीटरांतच बसतं.

बेरीजवजाबाकी

बसतं, आणि चौकात माणूस मारतं. बाजूच्या गल्लीतून बाहेर पडणारा चालक ज्या दिशेने गाड्या येतात तिकडेच बघतो. उलट दिशेने येणारी सायकल त्याच्या नजरेच्या हिशेबातच नसते. सगळं घोडं चौकात पेंड खातं. दोन चौकांच्या मधला रस्ता कोणीही सुरेख काढून देईल. डच लोक चौकाच्या कोपऱ्यांवर छोटी बेटं बांधतात. त्याने वळणारी गाडी हळू होते, आणि सायकलस्वार चालकाच्या डोळ्यांसमोर येतो, आरशातल्या आंधळ्या कोपऱ्यात राहत नाही. त्या बेटाला लागणारी जागा तुमच्या १८ मीटरांत नाही.

फुटपाथच्या कोपऱ्याची गोलाई हाही असाच दुर्लक्षित विषय. गोलाई मोठी ठेवली की गाडी वेग न सोडता वळते आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही वाढतं. ती कमी करायला ना जागा लागते ना फारसा पैसा. यावर कोणी मोर्चा काढलेला ऐकला नाही.

स्टेअरिंग

सगळे मिळून ठरवलंच आहे की गाडीवाला खलनायक. माझी आई ऐंशीची आहे, गुडघे गेलेत. तिला दवाखान्यात सायकलवर डबलसीट नेऊ का?

एक लेन कमी केलीत की गाड्या हवेत विरत नाहीत. शेजारच्या गल्लीत शिरतात, जिथे शाळा असते, घरं असतात. मुख्य रस्त्याचे फोटो छान येतात, गल्लीतल्या माणसाच्या खिडकीखाली रात्री अकराला हॉर्न वाजतो. आणि ३० च्या वेगाने रोजचा किती वेळ जाईल याचा हिशेब कोणी केलाय?

तिरपा चौक

केलाय. एक किलोमीटर ५० ने ७२ सेकंद, ३० ने १२० सेकंद. फरक ४८ सेकंदांचा, तोही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर. शहरमध्यात तुम्ही एक किलोमीटर सलग ५० ने कधी गेला होतात?

आणि गाड्या विरतात, थोड्या. ब्रिटिश संशोधकांनी २००२ साली वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे ७० ठिकाणांचा अभ्यास मांडला होता, जिथे रस्ता बंद झाला किंवा अरुंद केला गेला. त्या रस्त्यावरून आधी जाणाऱ्या वाहतुकीपैकी काही भाग आसपासच्या रस्त्यांवरही सापडला नाही. मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) आकडा ११ टक्के. लोकांनी वेळ बदलली, दोन कामं एका खेपेत केली, काही चालत गेले.

स्टेअरिंग

म्हणजे ८९ टक्के गल्लीत. धन्यवाद, माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

बेरीजवजाबाकी

हा टोला चांगला होता. 😄

जुनी चेन

इतका वेळ वाचत होते. मला वाटतं तुम्ही सगळे १८ मीटरांत अडकलात. रस्ता मोजण्याआधी एक प्रश्न विचारा: ही गाडी इथे यायला आली आहे की इथून जायला?

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये शहरमध्याचे चार भाग पाडले. पायी किंवा सायकलने एका भागातून दुसऱ्यात सरळ जाता येतं. गाडीने कुठल्याही भागात आत येता येतं, पण शेजारच्या भागात जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन फिरून यायचं. रस्ते उकरले नाहीत. पाट्या, एकेरी दिशा आणि थोडे अडथळे, एवढ्यावर भागलं. बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१७ मध्ये तेच सूत्र वापरलं.

यात स्टेअरिंगच्या आईची गाडी दवाखान्याच्या दारापर्यंत जाते. ज्याला शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचंय आणि मध्ये कुठे उतरायचंच नाही, तो तेवढा बाहेर जातो. ही आरपार जाणारी वाहतूक हटली की बऱ्याच रस्त्यांना वेगळा सायकल मार्गच लागत नाही. गाड्या कमी आणि सावकाश असतील तर सायकल त्यांच्यातून निवांत जाते. मग बेरीजवजाबाकींचा विभाजक नको आणि गल्लीची भीतीही नको, कारण गल्लीतूनही आरपार जाता येत नाही.

अवांतर: तिथेही दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. आडनाव बदलतं, गल्ला तोच.

स्टेअरिंग

वळसा मलाच पडणार, पेट्रोल माझंच. पण दारापर्यंत जाता येत असेल तर निदान ऐकून घेण्यासारखं आहे. वळणरस्त्याच्या कडेला जे राहतात त्यांचं काय, ते मात्र कोणी बोललं नाही.

जुनी चेन

खरं आहे. त्यांच्या वाट्याला जास्त येतं. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरमध्यात गाडीने ये-जा करण्यावरच शुल्क लावून पाहिलं. शुल्काच्या सीमेवरची वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली आणि ती घट नंतरही टिकली. आधी विरोधात असलेल्या लोकांनी प्रयोगानंतर सार्वमतात बाजूने कौल दिला. बाहेर ढकलण्याबरोबर एकूण गाड्या कमी करणारं असं काहीतरी जोडीला हवं.

मालवाहू

मी माल पोचवतो. या पूर्ण चर्चेत माझ्या वाट्याला धागाकर्त्याचे दोन मीटर आले, तेही अपंगांच्या गाड्यांबरोबर वाटून. माल उतरवायची जागा नसली की मी सायकल मार्गात गाडी लावतो. हो, मीच तो. हौस नाही, ८० किलोची पेटी दोनशे मीटर ढकलून बघा. जागा राखून द्या, सकाळची वेळ ठरवून द्या, आणि त्या जागेत तासन्‌तास गाडी लावणाऱ्याला उचला. ही तिसरी गोष्ट होत नाही तोवर पहिल्या दोन फुकट.

निवांत पादचारी

मला वाटतं एवढ्या चिरफाडीची गरजच नाही. हान्स मॉन्डरमन या डच वाहतूक अभियंत्याने द्राख्तनमधल्या गर्दीच्या चौकातले सिग्नल काढले, सगळ्यांना एकाच पातळीवर आणलं. कोणाचा हक्क पहिला हे पाटीने सांगितलं नाही की माणसं एकमेकांकडे बघतात, आपोआप सावकाश होतात. नजरानजर हाच सिग्नल.

पांढरी काठी

नजरानजर. बरं.

मला दिसत नाही. माझ्यासाठी फुटपाथची कड म्हणजे भिंत आहे. तिच्या इकडे मी, तिकडे गाडी. सगळं एका पातळीवर आणलंत की मला कळत नाही मी कुठे आहे. काठीला आणि पायाला खात्रीने कळायला कड निदान ६० मिलिमीटर उंच लागते, असं लंडनमधल्या एका विद्यापीठाच्या चाचण्यांत निघालं होतं. ब्रिटनच्या सरकारने २०१८ मध्ये असे सपाट रस्ते नव्याने करणं थांबवायला सांगितलं, ते आमच्यासारख्यांनी आरडाओरडा केल्यावर.

व्हीलचेअरवाल्यांना कड नको असते, मला हवी असते, हेही ठाऊक आहे. त्याचं उत्तर आहे: ओलांडायच्या जागी उतार आणि तिथे पायाला कळणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या, ज्या जपानमध्ये १९६७ सालीच बसल्या. बाकी कड राहू द्या.

सायकलबद्दलही सांगते. गाडी ऐकू येते. सायकल येत नाही. बसथांबा आणि फुटपाथ यांच्यामधून सायकल मार्ग काढता, तेव्हा बसमधून उतरून मी सरळ त्यात पाय ठेवते.

निवांत पादचारी

माझा प्रतिसाद मागे घेतो. हे डोक्यातच आलं नव्हतं.

बेरीजवजाबाकी

याला जोडून: सिग्नलचा हिरवा माणूस चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटरच्या आसपास धरून ठरवायची जुनी पद्धत आहे. १५ मीटरचा रस्ता साडेबारा सेकंदांत. काठी टेकत ०.८ ने जाणाऱ्याला त्याच रस्त्याला १९ सेकंद लागतात. म्हणजे सहाएक सेकंद तो गाड्यांच्या दयेवर. रस्ता अरुंद करणं हा त्याच्यासाठी सौंदर्याचा प्रश्नच नाही.

गल्ल्यावर बसलेला

मी अजून विरोधातच आहे. पण ब्रिस्टलचं वाचून उगाच चार दिवस आलेल्या प्रत्येकाला विचारलं, कसे आलात. आकडा सांगत नाही, तुम्ही नाचाल.

माझी अट एक. दगड-सिमेंट आधी नको. सहा महिने तात्पुरतं करा, मी गल्ला लिहून ठेवतो, तुम्ही माणसं मोजा. मंगळवारी दुपारी मोजा, फक्त सुट्टीच्या संध्याकाळी नको. पडलं तर जसं होतं तसं परत.

तिरपा चौक

मंजूर. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरला असंच केलं होतं. ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद, रस्त्यावर अंगणातल्या स्वस्त खुर्च्या, आणि मग रंग. पक्कं बांधकाम कित्येक वर्षांनी. रंग आणि कुंड्या, म्हणजे चुकलं तर उचलायला सोपं.

पांढरी काठी

रंग मला दिसत नाही. कुंड्या ठेवणार असाल तर एका ओळीत ठेवा, आणि रोज त्याच जागी.