पार्टिकल सिस्टीमने केलेला स्फोट कारंज्यासारखा दिसतो

प्रश्न:
मी युनिटी या गेम इंजिनमध्ये एका मोटारीच्या स्फोटाचे दृश्य तयार करत आहे. एकाच पार्टिकल सिस्टीममधून (असंख्य छोटी चित्रे कणांसारखी सोडणारी सोय) दर सेकंदाला ५०० कण सोडले आहेत, त्यांना ज्वालेचे चित्र दिले आहे आणि आयुष्य २ सेकंद ठेवले आहे. तरीही स्फोटाऐवजी नारिंगी कारंजे उडाल्यासारखे वाटते. कण वाढवले की मध्यभागी पांढरा डाग तेवढा मोठा होतो आणि काळा धूर तर दिसतच नाही. नेमके काय चुकत असावे?

प्रतिसाद १:
दोष कणांच्या संख्येत नसून वेळेत आहे. स्फोटाची ऊर्जा एका क्षणात मोकळी होते, म्हणून ‘रेट ओव्हर टाइम’ शून्य करून सगळे कण ‘बर्स्ट’मधून एकदम सोडावेत. सुरुवातीचा वेग भरपूर ठेवून ‘लिमिट व्हेलॉसिटी ओव्हर लाइफटाइम’मध्ये ड्रॅग (वेग कमी करणारा अवरोध) द्यावा, म्हणजे कण पहिल्या काही फ्रेममध्ये झेपावतील आणि मग जवळजवळ जागीच थबकून फुगत राहतील. धक्का जाणवतो तो या थबकण्यामुळेच.

मात्र ठिणग्या, धातूचे तुकडे, आगीचा गोळा आणि धूर यांना एकच ड्रॅग चालत नाही, त्यामुळे प्रत्येकाची सिस्टीम वेगळी हवी. तुकडे गुरुत्वाकर्षणाने वक्र मार्गाने खाली यावेत, धुराने वेग गमावून सावकाश वर चढावे. विल्यम रीव्हज यांनी १९८३ साली पार्टिकल सिस्टीमवर लिहिलेल्या शोधनिबंधातही प्रत्येक कणाचा वेग, आकार, रंग आणि आयुष्य ठरावीक मर्यादेत कमीजास्त केलेले आहे. आपल्या सगळ्या कणांचे आयुष्य नेमके २ सेकंद आहे, तेही बदलावे.

प्रतिसाद २:
पांढरा डाग आणि हरवलेला धूर या दोहोंचे मूळ अॅडिटिव्ह ब्लेंडिंगमध्ये आहे. त्यात मागच्या रंगात फक्त भर पडते, म्हणून कण साचतात तिथे पांढरे होते, आणि काळ्या रंगाची भर शून्य असल्यामुळे काळा धूर दिसूच शकत नाही. ठिणग्यांना अॅडिटिव्ह ठेवावे, धुराला अल्फा ब्लेंडिंग (अपारदर्शकतेनुसार मागचा रंग झाकणारे) द्यावे. आगीचा गोळा विझता विझता धूर होणार असेल, तर प्रीमल्टिप्लाइड अल्फा (एकाच मटेरियलमध्ये हे दोन्ही परिणाम देणारा) सर्वांत सोयीचा. रंग तापमानाप्रमाणे उतरू द्यावा, कारण तापलेली काजळी सुमारे १००० केल्व्हिनला लाल दिसते आणि २००० केल्व्हिनच्या पुढे पिवळसर होते. म्हणजे जन्मताना पिवळा, मग नारिंगी, मग काळपट लाल आणि शेवटी करडा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आता स्फोट खरोखर अंगावर येतो. फक्त धूर जमिनीला टेकतो तिथे सरळ रेषेत कापल्यासारखा दिसतो.

प्रतिसाद २:
धुराचा प्रत्येक कण म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड केलेला सपाट चौकोन असतो आणि तो जमिनीत घुसतो तिथे ती रेषा उमटते. मटेरियलमध्ये ‘सॉफ्ट पार्टिकल्स’ चालू करावे, म्हणजे पृष्ठभागाजवळ कण हळूहळू विरत जातात. युनिटीची यूआरपी ही रेंडरिंग पद्धत वापरत असाल तर डेप्थ टेक्श्चरही (प्रत्येक पिक्सेलचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर साठवणारे) चालू लागते. धुराचे मोठे चौकोन एकमेकांवर साचले की तेच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावे लागतात, म्हणून शंभर विरळ कणांपेक्षा पंधरा-वीस दाट कण ठेवून त्यांना ६४ चौकटींचे फ्लिपबुक (क्रमाने बदलत जाणाऱ्या चित्रांचा संच) द्यावे.