मदत हवी आहे: सिलिॲक असलेल्या मुलीला ऑटोफॅजीसाठी उपास करायला लावू का?

सोलापूरची_आई: प्लीज लवकर सांगा. मुलीला सिलिॲक आहे (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं खराब होतं तो आजार), गहू बंद करून पाच महिने झाले तरी टीटीजी, म्हणजे त्याच्या रक्ततपासणीतला आकडा, वरच आहे, पोट दुखतंच. दिरांनी कुठंतरी वाचलं की पेशी आपला कचरा आपणच साफ करतात ती ऑटोफॅजी या मुलांत बिघडते आणि उपासाने वाढते, म्हणून सोमवारपासून तिला एकवेळच जेवण द्या म्हणतायत. देऊ का?

निशिगंधा: वय? वजन? बायोप्सी झाली का? टीटीजी आधी किती होता? काहीच सांगितलं नाही हो तुम्ही.

सोलापूरची_आई: सात वर्षं, 17 किलो. बायोप्सी झालीय. आधी 200 च्या वर, आता 92.

निशिगंधा: मग उतरलाय की! नॉर्मलला यायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं.

दिलीपकाका: ऑटोफॅजीला 2016 चं नोबेल मिळालंय, जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना. मी रोज 16 तास उपाशी राहतो, शुगर आटोक्यात आली. दिरांचं ऐका.

लॅबवाला_पुणे: काका, ओसुमींनी यीस्ट उपाशी ठेवलं होतं, सात वर्षांची पोरगी नाही. सिलिॲकमध्ये लॅबमधल्या पेशींवर एवढं दिसलंय की ग्लायडिनचा, म्हणजे ग्लुटेनमधल्या एका प्रथिनाचा, एक तुकडा पचत नाही, पेशीत अडकून बसतो आणि साफसफाई रखडते. त्यावर उपास हे औषध आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. 17 किलोत आतडं भरून यायला खाणंच लागतं. उपाशी ठेवू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच नाही.

दिलीपकाका: आपल्या आज्या एकादशी करायच्याच की.

मालदांडीप्रेमी: ज्वारीची भाकरी द्या, ग्लुटेन नाही. बाकी मंगळवेढ्याची मालदांडी सध्या काय भावाने मिळतेय? बहिणीला मुंबईला पाठवायचीय.

सोलापूरची_आई: भाकरीच खाते ओ ती, शेंगाचटणीबरोबर, तीन्ही वेळा.

निशिगंधा: ज्वारी दळता कुठं?

सोलापूरची_आई: कोपऱ्यावरच्या गिरणीत. का?

निशिगंधा: तिथं आधी कुणाचातरी गहू दळलेला असतो ना! जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या ज्वारीत येतं. माझ्या मुलाचं हेच झालं होतं, घरघंटी घेतली तेव्हा पोटदुखी थांबली. आणि हिंगाचा डबा बघा, खड्याचा नसेल तर त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

सोलापूरची_आई: आत्ता बघितला. मैदा लिहिलाय. रोज आमटीत टाकतेय मी पाच महिने. दिरांना दाखवते हा धागा. घरघंटी कुठली घेतलीत ते सांगा, आजच बघते.