माथ्यावरचा सर्व्हेचा दगड कसा ओळखायचा?

नकाशात त्रिकोण आणि आत ठिपका दिसला म्हणून काल चढून गेलो, अर्धा तास गवतात शोधलं पण काहीच नाही. नक्की असतो कसा तो?

↳ दरवेळी खांबच असेल असं नाही हो. ब्रिटनमध्ये 1936 पासून कमरेएवढे काँक्रीटचे खांब बांधले म्हणून ते लांबून दिसतात, पण आपल्याकडे विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1802 ला सुरू केलेल्या जमीनमोजणीच्या सर्व्हेतल्या बऱ्याच खुणा म्हणजे दगडात कोरलेलं वर्तुळ आणि मध्ये ठिपका, वर दगड रचलेले असले तर खूण खालीच झाकलेली. आणि एकदम टोकावरच असेल असंही नाही, दुसऱ्या डोंगरांवरची स्टेशनं (म्हणजे मोजणीच्या खुणांच्या जागा) जिथून दिसतात ती जागा निवडायचे.

↳ जुन्या नकाशातले अक्षांश रेखांश तसेच मोबाईलमध्ये टाकलेत का? डेटम (अक्षांश रेखांश मोजायचा आधार) वेगळा असतो, जागा बरीच सरकते. मीपण फसलोय, भलत्याच झुडपात तासभर!

↳ सापडला तर हलवू नका प्लीज, दगडाची किंमत त्याच्या जागेतच असते

↳ अरे हो, जुनाच नकाशा होता 🙈 रविवारी परत जातो