एआर-१५ जुळवताना लोअर रिसिव्हर कोणता घ्यावा?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मला ग्रीन कार्ड मिळाले. एआर-१५ पद्धतीच्या रायफलविषयी मी काही वर्षे नुसते वाचत आलो आहे. आता ती स्वतः सुटे भाग घेऊन जुळवावी आणि नेमबाजीचा नियमित सराव सुरू करावा, अशी इच्छा आहे. बॅरल ठरले आहे, परंतु लोअर रिसिव्हरच्या (रायफलच्या खालच्या सांगाड्याच्या) किमती ५० डॉलरपासून ३०० डॉलरपर्यंत दिसतात आणि हा फरक नेमका कशाचा, ते उमगत नाही. स्वस्त लोअरमुळे नेम बिघडतो का? माझा मेहुणा आमच्याकडेच राहतो आणि तो एच-१बी व्हिसावर आहे. त्याच्या दृष्टीने काही काळजी घ्यावी लागेल का, तेही कृपया कळवावे.

आपला,
केटी (टेक्सस) येथील एक सभासद

*

सप्रेम नमस्कार.

आपण मेहुण्याचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार या रायफलमध्ये ‘शस्त्र’ म्हणून गणला जाणारा भाग म्हणजे लोअर. बॅरल, अप्पर (वरचा सांगाडा), बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा भाग) हे सारे टपालाने थेट घरी येते. अनुक्रमांक कोरलेला लोअर मात्र परवानाधारक विक्रेत्याकडेच येतो. तेथे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि नुसत्या लोअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. ग्रीन कार्डधारकाला खरेदीस हरकत नाही. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला मात्र, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, शस्त्र किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. म्हणून तिजोरीची किल्ली आपल्याकडेच राहू द्यावी आणि सरावासाठीही रायफल त्याच्या हाती देऊ नये. असा गुन्हा त्याच्या पुढील ग्रीन कार्डच्या मार्गात कायमचा आडवा येऊ शकतो, हे त्याला समोर बसवून सांगावे.

आता नेमाविषयी. स्वस्त लोअरमुळे नेम बिघडत नाही. गोळी सुटताना बोल्ट बॅरलच्या मागील जोडभागात अडकलेला असतो आणि दाबाचा मुख्य भार तेथेच पेलला जातो. लोअर केवळ चापाची यंत्रणा, मॅगझिन आणि मागची बफर नळी (धक्का झेलणारी स्प्रिंग असलेली) धरून ठेवतो. त्यामुळे ३०० डॉलरच्या लोअरमध्ये आपण बहुतेक पैसे अखंड ठोकळ्यातून कोरलेल्या आकारासाठी आणि देखणेपणासाठी मोजता. वाचलेले पैसे चांगल्या चापात आणि सरावाच्या काडतुसांत घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र स्वस्त म्हणजे कसाही नव्हे. ७०७५-टी६ या अ‍ॅल्युमिनियमचा, घडीव आणि पृष्ठभाग कठीण करणारे टाइप ३ हार्ड अ‍ॅनोडायझिंग केलेला लोअर घ्यावा. ६०६१ हा मिश्रधातू त्याहून बराच मऊ आहे. प्लास्टिकचा लोअर मी घेणार नाही, कारण बफर नळी जेथे आट्यांनी बसते त्या मागच्या कड्यापाशी तो तडकण्याचा धोका असतो. घडीव लोअरचे कच्चे तुकडे मोजक्याच भट्ट्यांमधून निघतात आणि अनेक नाममुद्रा तेच घेऊन पुढचे यंत्रकाम करतात. तेव्हा नावापेक्षा भोके आणि आटे किती नेमके पाडले आहेत, ते पाहावे. साधा घडीव लोअर बहुतेकांना पुरतो. एरो प्रिसिजनच्या एम४ई१ या लोअरमध्ये बोल्ट कॅचची (बोल्ट मागे अडवणाऱ्या कळीची) पिन ठोकावी लागत नाही, ती आट्यांनी बसते, आणि अप्परशी राहणारी ढिलाई कमी करणारा स्क्रूही असतो. प्रथमच जुळवणाऱ्याला ते थोडे अधिक पैसे वसूल होतात. बफर नळी घेताना मिल-स्पेक (लष्करी मापाची) आणि कमर्शियल (बाजारी मापाची) यांची गल्लत करू नये: आटे सारखेच असले तरी बाहेरील व्यास अनुक्रमे सुमारे १.१४८ आणि १.१६८ इंच असतो, आणि एकाचा बट (खांद्याला टेकवायचा दस्ता) दुसऱ्यावर नीट बसत नाही.

माझ्या पहिल्या लोअरमध्ये रिकामे मॅगझिन कळ दाबूनही खाली पडत नसे, ओढूनच काढावे लागे. दोष घरी आल्यावर कळला, आणि शस्त्र नावावर झाल्यानंतर विक्रेत्याने ते परत घेतले नाही. तेव्हापासून मी अर्जावर सही करण्यापूर्वी, तेथेच टेबलावर, परवानगी घेऊन रिकामे धातूचे मॅगझिन घालून पाहतो, पिनांची भोके आणि मागच्या कड्याचे आटे उजेडात धरून तपासतो, आणि अर्जावरील अनुक्रमांक लोअरवरील क्रमांकाशी अंक न् अंक ताडतो. आपण ग्रीन कार्ड सोबत न्यावे, कारण अर्जात त्यावरील क्रमांक मागतात.

बॅरल १६ इंचांहून आखूड घेऊन त्याला बट जोडू नये. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली (नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट) त्यासाठी वेगळी नोंदणी आणि पूर्वमंजुरी लागते.

आपला,
शुगर लँड येथील एक सभासद

*

नमस्कार.

वरील उत्तरात एक भर घालते. टेक्ससमध्ये जे चालते ते न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया किंवा इलिनॉयमध्ये चालेलच असे नाही. नोकरीसाठी स्थलांतर ठरले, तर सामान हलवण्यापूर्वी तेथील वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि सरावाला नेण्याची पिशवी भारतात जाताना कधीही वापरू नये. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसे आणि शस्त्रांचे सुटे भागही येतात, त्यामुळे खिशाच्या शिवणीत राहिलेले एखादे काडतूसही मुंबईच्या विमानतळावर अटकेचे कारण ठरू शकते. आमच्याकडे त्या पिशवीला लाल फीत बांधलेली आहे आणि ती घरात येतच नाही. ती तिजोरीजवळच, गॅरेजमध्ये असते.

आपली,
पेअरलँड येथील एक सभासद