मज्जारज्जूची दुखापत आणि पेशीप्रत्यारोपण : पदरचे पैसे घालून हा उपचार घ्यावा का?

सिंहगड रस्ता (धागा सुरू करणारा)

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी नवले पुलाजवळच्या अपघातात जायबंदी झाला. छातीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातली चेतातंतूंची दोरी) चिरडला गेला आणि बेंबीच्या खाली ना संवेदना उरली, ना हालचाल. गेल्या महिन्यात एका खासगी दवाखान्याने त्याच्याच कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून त्यातल्या मूळपेशी (स्टेम सेल) पाठीत टोचण्याचा उपचार सुचवला असून पाच वेळच्या उपचाराचा खर्च सात लाख रुपये सांगितला आहे. आईने पाटल्या काढून ठेवल्या आहेत.

माझे मत स्पष्ट आहे, की हा उपचार आम्ही घेऊ नये. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतले मूळपेशी प्रत्यारोपण सोडले, तर बाकी सारे प्रयोगच आहेत आणि मंजूर वैद्यकीय चाचणीच्या (क्लिनिकल ट्रायल) बाहेर ते रुग्णावर करणे अनैतिक आहे. मी त्या डॉक्टरांना चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा त्यांनी मला चालणाऱ्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या. संमतीपत्रात मात्र ‘गुण येण्याची हमी नाही’ आणि ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ ही दोन वाक्ये एकाखाली एक छापलेली आहेत. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून जायबंदी जवान राहत आले आहेत. त्यांच्यासारखे खुर्चीवरून स्वतःचे सगळे करता येईल असे प्रशिक्षण भावाला मिळावे, यासाठी तो पैसा वापरावा असे मला वाटते.

एक बाप, चिंचवड

तुमच्या भावाचे हात शाबूत आहेत, म्हणून तुम्ही इतक्या शांतपणे लिहू शकता. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी मानेचा मणका मोडला. तिला कोपर वाकवता येते, मनगट वर उचलता येते, पण बोटे मिटत नाहीत. दर चार तासांनी तिची आई लघवीसाठी कॅथेटर (नळी) घालते, आणि तेवढा वेळ माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. खुर्चीवरचे आयुष्यही चांगले असते हे मला कोणी पटवू नये. तिला चालता यावे असे माझे मागणे नाही. फक्त अंगठा आणि एक बोट जुळले, तर ती चमचा धरील, पेन धरील, आणि भिंतीकडे तोंड करण्याची वेळ कदाचित तिच्यावर येणार नाही.

जपानने डिसेंबर २०१८ मध्ये ‘स्टेमिरॅक’ या उपचाराला अवघ्या १३ रुग्णांच्या माहितीवर सशर्त मान्यता दिली. पोलंडमध्ये दारेक फिदिका या माणसाच्या मज्जारज्जूत त्याच्याच घ्राणकंदातल्या, म्हणजे मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागातल्या, पेशी घातल्या आणि तो आधाराने चालू लागला. प्रगत देश लोकांना संधी देतात आणि आपण नियमांवर बोट ठेवून बसतो. दहा वर्षांनी पुरावा आला, तरी माझ्या मुलीची विशी मला कोण परत देणार आहे?

फिजिओथेरपिस्ट, वानवडी

तुमच्या दुःखाविषयी मी काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. मात्र दोन्ही उदाहरणे अर्धी सांगितली गेली आहेत. स्टेमिरॅकसाठी अस्थिमज्जा दुखापतीनंतर ३१ दिवसांच्या आत काढावी लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ रुग्ण कोणत्याही पेशींशिवाय थोडेफार सुधारतातच. त्या १३ पैकी १२ जणांची संवेदना-हालचालीची श्रेणी सुधारली हे खरे. पण तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नव्हता, म्हणून ती सुधारणा पेशींची की निसर्गाची हे सांगता येत नाही, आणि जगभरातल्या तज्ज्ञांनी टीका केली ती याच मुद्द्यावर. फिदिकाच्या मज्जारज्जूला चाकूने सरळ छेद गेला होता. २०१२ मध्ये सुमारे आठ मिलिमीटरची ती फट त्याच्याच घोट्याजवळच्या चेतातंतूच्या तुकड्यांनी सांधली गेली, आणि शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर त्याने अनेक महिने रोज तासन्‌तास व्यायाम केला. रस्त्यावरच्या अपघातात मज्जारज्जू असा कापला जात नाही, तो चेंगरतो.

अशा एका रुग्णाची आई परवा माझ्याकडे आली होती. पाठीत पेशी टोचल्यावर आठ दिवसांनी मुलाच्या पायाचा अंगठा हलला, म्हणून तिने मोबाइलवर चित्रण करून ठेवले होते. मी चादर बाजूला करून त्याच्या तळव्यावरून बोट फिरवले, तर अंगठा तसाच वर झाला आणि पिंढरी थरथरत राहिली. मग त्याला स्वतःहून अंगठा हलवायला सांगितले. त्याच्या कपाळावर घाम आला, पण अंगठा जागचा हलला नाही. ती हालचाल मज्जारज्जूच्या खालच्या भागाची प्रतिक्षिप्त क्रिया होती, मेंदूचा हुकूम तिच्यात नव्हता. हे त्या माउलीला समजावून सांगणे मला फार जड गेले.

पेशीशास्त्राची संशोधक, गणेशखिंड

मी प्रयोगशाळेत पेशी वाढवते, त्यामुळे या क्षेत्राविषयी मला आशा आहे, हे आधीच सांगते. तोक्योच्या केईओ विद्यापीठाने पुनर्प्रोग्रामित पेशींपासून, म्हणजे साध्या पेशी मूळपेशींच्या अवस्थेत परत नेऊन केलेल्या आयपीएस पेशींपासून, चेतापेशींच्या पूर्वज पेशी तयार करून चार रुग्णांच्या मज्जारज्जूत प्रत्येकी सुमारे २० लाख सोडल्या. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार एक जण आधाराशिवाय उभा राहू शकला, दुसऱ्यात काही सुधारणा झाली, उरलेल्या दोघांत विशेष फरक पडला नाही, आणि वर्षभरात कोणालाही गंभीर अपाय झाला नाही. हे चौघेही दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांतले रुग्ण होते. जुन्या दुखापतीत तिथे पोकळी आणि व्रणऊती तयार झालेली असते. नुसत्या पेशी टोचल्याने तिच्यापलीकडे तंतू वाढत नाहीत.

आता धोका. पोर्तुगालमध्ये नाकाच्या आतल्या अस्तराची (श्लेष्मल) ऊती मज्जारज्जूत बसवली जात असे. तो उपचार घेतलेल्या एका स्त्रीच्या पाठीत आठ वर्षांनी गाठ निघाली आणि त्या गाठीत शेंबडासारखा स्राव साठलेला होता. २०१४ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध झाली. पेशी जिवंत असतात, आणि एकदा घातल्या की त्या परत काढता येत नाहीत.

धागाकर्त्याशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे. ‘घेऊ नका’ एवढे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही; आपल्याकडे नोंदणीकृत, निःशुल्क आणि इजा झाल्यास भरपाई देणाऱ्या चाचण्या व्हायला हव्यात, आणि त्यांसाठी संशोधकांइतकाच रुग्णांच्या घरच्यांनीही आवाज उठवायला हवा. आणखी एक गोष्ट दवाखानेवाले सांगत नाहीत. आधी अशी पेशींची इंजेक्शने घेतलेली असतील, तर अनेक खऱ्या चाचण्यांत त्या रुग्णाला प्रवेशच मिळत नाही.

एक बाप, चिंचवड

ही शेवटची गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि तिच्यासाठी मी थांबेन. बाकी माझा आक्षेप कायम आहे. अमेरिकेत गेरॉन कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये पहिल्या रुग्णाला भ्रूणपेशींपासून तयार केलेल्या पेशी दिल्या आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पैशाच्या कारणावरून चाचणी थांबवली. ‘पुराव्याची वाट पाहा’ म्हणता, पण पुरावा गोळा करणारेच मध्येच उठून गेले, तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? जो बाप हताश होऊन पैसे भरतो, त्याला भोळा म्हणू नका. जुन्या दुखापतींसाठी कुठे काही चालू आहे का, एवढे सांगा.

पेशीशास्त्राची संशोधक, गणेशखिंड

आहे. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाची नाकातल्या घ्राणपेशींची चाचणी जुन्या दुखापतींसाठीच आखलेली आहे, आणि तिच्यातही प्रत्यारोपणाला दीर्घ, कष्टाच्या व्यायामाची जोड आहे. सांधे आखडलेला किंवा शय्याव्रण चिघळलेला रुग्ण अशा ठिकाणी निवडला जाणे कठीण. पैसे कमी पडल्यामुळे चाचण्या बंद पडतात ही तुमची तक्रार रास्त आहे; माझ्याकडे तिला उत्तर नाही.

फिजिओथेरपिस्ट, वानवडी

चिंचवडच्या बाबांना एक विचारायचे राहिले. मुलीचे मनगट वर उचलले जाते, असे तुम्ही लिहिले आहे. तसे असेल, तर हातातला चालू असलेला एक स्नायू अंगठ्याच्या कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) जोडण्याची शस्त्रक्रिया, जिला टेंडन ट्रान्सफर म्हणतात, तिच्याविषयी तुम्हाला कोणी सांगितले आहे का? तिच्यात मज्जारज्जूला हात लावावा लागत नाही, ती गेली कित्येक दशके केली जाते, आणि योग्य रुग्णात अंगठा व तर्जनीची पकड येऊ शकते. सगळ्यांना ती लागू पडत नाही, हात तपासावा लागेल. तोवर तिची बोटे जोराने ताणून सरळ करू नका. मनगट उचलल्यावर ती आपोआप थोडी मिटतात, बोटांचा तो घट्टपणा तिच्या उपयोगाचा आहे.

एक बाप, चिंचवड

तीन वर्षांत कोणीही सांगितले नाही. बोटे सरळ राहावीत म्हणून मी रोज रात्री ती ताणत होतो. हाताच्या कोणत्या तज्ज्ञाकडे न्यायचे आणि बरोबर कोणते कागद न्यायचे, तेवढे कृपया कळवा.